दोन अ‍ॅम्पमधला फरक खरा की मनाचा, घरी कसं तपासायचं?

तुमचा जुना अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) क्लास एबी आणि नवा क्लास डी, म्हणजे सर्किटचे दोन वेगळे प्रकार. नव्याचा आवाज 'मोकळा' वाटतो, पण पैसे मोजल्यामुळे तर तसं वाटत नाही ना, ही तुमची शंका रास्त आहे. डोळे मिटून ऐकणं मात्र पुरत नाही.

आधी दोन्ही अ‍ॅम्पच्या आवाजाची पातळी जुळवा, घरगुती चाचण्या बहुतेक इथेच फसतात. अर्धा डेसिबल जास्त असलेला अ‍ॅम्प कानाला मोठा नाही, चांगला वाटतो. टोन कंट्रोल शून्यावर, लाउडनेस बंद. ४०० हर्ट्झचा साइन टोन (एकाच वारंवारतेचा सलग स्वर) लावून स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. (१ किलोहर्ट्झ नको, स्वस्त मल्टिमीटर तिथे भरवशाचे नसतात.) एकाचा २.०० व्होल्ट असेल तर दुसऱ्याचा १.९८ ते २.०२ च्या आत हवा, म्हणजे फरक ०.१ डेसिबलखाली. दोन्ही चॅनल वेगळे मोजा आणि नॉबवर चिकटपट्टी लावा.

स्पीकर एका अ‍ॅम्पवरून दुसऱ्यावर नेणारा स्विच चार पोलचा, दोन बाजूंचा घ्या, मध्ये 'बंद' असलेला. प्लस-मायनस दोन्ही तोडायचे. मायनस एकत्र जोडलेत तर ब्रिज आउटपुटचा (मायनसवरही सिग्नल असलेला) क्लास डी जळू शकतो. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प या स्विचवर लावूच नका, लोड (म्हणजे स्पीकर) सुटला की आउटपुट ट्रान्सफॉर्मर धोक्यात.

स्विच मित्राकडे, तो तुमच्या पाठीमागे, बोलणं बंद. तुम्ही ए आणि बी (हे दोन अ‍ॅम्प) हवे तितक्यांदा ऐका, मग तो नाणं उडवून त्यातला एक, न सांगता, 'एक्स' म्हणून लावेल; तो ए की बी हे तुम्ही ओळखायचं. अ‍ॅम्प तोच राहणार असला तरी त्याने स्विच मधे आणून परत न्यायचाच, नाहीतर 'खट्' आवाजावरून उत्तर फुटतं. तुकडे १०-१५ सेकंदांचेच ठेवा, त्याहून लांब ऐकलं की आधीचा पोत कानात राहत नाही. तानपुऱ्याची जवारी किंवा तबल्याची चाट यात फरक लवकर पकडता येतो.

फेऱ्या १६, आधीच ठरवून. स्कोअर चांगला दिसला म्हणून मधेच थांबायचं नाही. १२ किंवा अधिक बरोबर नुसत्या अंदाजाने येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी. १० किंवा अधिक मात्र जवळजवळ २३ टक्के, तेव्हा १० वर खूश होऊ नका.

१२ किंवा वर गेलात तर गाणं थांबवून ट्वीटरला (स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा भाग) कान लावा. नव्या अ‍ॅम्पची बारीक 'हिस्स' ऐकू आली, तर तुम्ही कदाचित तीच ओळखत होतात, मोकळेपणा नव्हे.