दहावीला विद्युत चुंबकीय प्रवर्तन शिकवताना

मॅडम, पहिलंच वर्ष आहे, तर प्रवर्तन (बदलत्या चुंबकीय क्षेत्राने तारेत वीज तयार होणं) शिकवताना विजेची दिशा बोटांनी ठरवायच्या उजव्या हाताच्या नियमाने सुरुवात करू नका. पोट्टे बोटं मोडत बसतात अन् मुद्दा राहून जातो. लेन्झचा नियम, फ्लक्सची (चुंबकीय प्रवाहाची) सूत्रं सध्या बाजूला ठेवा.

आधी चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून नाल्याच्या कोरड्या रेतीतून फिरवायला लावा. काळे लोहयुक्त कण चिकटतात, लोहकिसाचं काम फुकटात. कागदाखाली चुंबक धरून तो कीस वरून भुरभुरवा आणि टिचकी मारा. चुंबकाच्या बलरेषा दिसल्या की कुंडलाकडे (तारेच्या वेटोळ्याकडे) वळा.

तांब्याची तार तालुक्याच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात मिळते. तीनेकशे वेढे पुरेत. कुंडलाची टोकं गॅल्व्हानोमीटरला, म्हणजे बारीक वीजप्रवाह काट्याने दाखवणाऱ्या यंत्राला, जोडा. नवीन शिक्षक हमखास अडकतात ते इथं:

- तारेवर व्हार्निशचा थर असतो. दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, नाहीतर काटा ढिम्म.
- गॅल्व्हानोमीटर चुंबकापासून हातभर लांब ठेवा. जवळ असला तर काटा चुंबकानेच हलतो, अन् आपण त्यालाच वीज समजतो.
- चुंबक कुंडलात सरकवा, काटा हलेल; मग तो तिथंच नुसता ठेवून थांबा. काटा शून्यावर येतो. हे मुद्दाम दाखवाच! १८३१ मध्ये प्रवर्तन शोधणाऱ्या फॅरेडेच्याही हे लक्षात आलं होतं: कुंडलातलं चुंबकीय क्षेत्र बदलतं तेवढ्यापुरतीच वीज.

मग चुंबक स्थिर धरून कुंडल हलवायला सांगा. काटा पुन्हा हलेल. का, ते त्यांनाच बोलू द्या, तास संपला तरी चालेल. चंद्रपूरच्या वीजकेंद्रातलं जनित्र दुसऱ्या दिवशी घ्या.