माझी चार तुझ्याकडं

प्रिय पोरी,

पोहण्याच्या उन्हाळी बॅचची बारा लेकरं तुम्हा तिघींकडं दिली, आणि तू विचारलंस, "सर, वाटणी कशी करू?" बाकीच्या दोघी म्हणाल्या म्हणे, "वाटणी कशाला, तिघी मिळून बघू की." तू विचारलंस ते फार बरं केलंस.

दहावीच्या सुट्टीत मामाच्या गावी विहिरीवर आम्ही पाच मोठी पोरं होतो. धाकटी लेकरं पाठीला डबा बांधून पोहत होती. सहा वर्षांच्या एकाची सुतळी सुटली. रिकामा डबा तरंगत पायऱ्यांपाशी आला. मी तो उचलून कडेला ठेवलासुद्धा! डबा कुणाचा, हे मनात आलंच नाही. पाचही जणांना वाटत होतं, दुसरा बघतोय. धुणं धुणाऱ्या एका मावशीनं ओरडून दाखवलं म्हणून लेकरू वाचलं. त्या ओल्या डब्याचा गार स्पर्श अजून हाताला आहे. मी एकटा असतो, तर नजर हलवली नसती.

म्हणून चार-चार लेकरं नावानिशी वाटून घ्या. पाणी प्यायला जायचं असलं तरी "माझी चार तुझ्याकडं" असं तोंडानं म्हण, आणि समोरून "घेतली" ऐकल्याशिवाय जागा सोडू नको. नुसती मान हलवलेली धरायची नाही. पाण्यात उतरवताना मोज, बाहेर काढताना मोज.

बुडणारं लेकरू बहुतेक वेळा ओरडत नाही. श्वासच पुरत नाही, तर हाक कुठून मारणार? डोकं मागं गेलेलं, तोंड पाण्याच्या रेषेला, केस डोळ्यांवर आलेले. पण हात ते बाजूला सारत नाहीत, पाणी खाली दाबत राहतात. एरवी कलकलाट करणारं पोरगं गप्प झालं की आधी त्याच्याकडं बघ. उथळ बाजूला असेल तर सरळ उचल. खोल बाजूला असेल तर आधी शिट्टी, मग लांब काठी नाहीतर ट्यूब. तू चांगली पोहतेस, पण घाबरलेलं लेकरू गळ्याला अशी मिठी मारतं की मोठं माणूसही खाली जातं.

बाहेर काढल्यावर उलटं धरून पोटातलं पाणी काढायची आपल्याकडची रीत अजिबात नको. श्वास नसेल तर तोंडानं श्वास आणि छाती दाबणं सुरू, आणि एकीनं लगेच १०८ लावायचा. हे तिघींकडूनही मी करून घेणार आहे. तुमच्यावर टाकून आम्ही मोठे मोकळे होणार नाही. काठावर मी असेनच.

२०१६ मध्ये आपल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. इथल्या कितीतरी लेकरांनी घरच्या बादली-पिंपापलीकडं पाणी पाहिलेलं नसतं. काही गुडघाभर पाण्यातही रडतात, त्यांची काळजी कमी. काही मात्र आनंदानं थेट खोल बाजूला धावतात. तुझ्या चारांत असं कोण आहे, ते पहिल्याच दिवशी हेरून ठेव.

आणि कपडे बदलायच्या खोलीत एकटीनं कुणाला नेऊ नको, सोबत दुसरी ताई हवीच.

सोमवारी पाचच्या बॅचला अर्धा तास आधी ये. फरशी तापलेली असते, चटके बसले की लेकरं पळतात आणि घसरतात. आधी पाणी मारून घेऊ.

तुझे सर