वाचायचा चष्मा सुटला, मग मोतीबिंदू विरघळला का?

प्रश्न : आईचं वय 69. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात आहे. ऑपरेशन टाळण्यासाठी ती चार महिने रात्री त्रिफळा घृत घेते, औषधी थेंबही घालते. आता चष्म्याशिवाय पेपर वाचते. मोतीबिंदू विरघळतोय का? (सातारा)

उत्तर : नाही. डोळ्यातल्या भिंगाचा गाभा घट्ट आणि पिवळसर होऊ लागला की त्याची प्रकाश वळवण्याची ताकद वाढते, डोळ्याला मायनस नंबर येतो. मग जवळचं काही काळ चष्म्याविना दिसतं. या प्रकारच्या मोतीबिंदूत औषध न घेणाऱ्यांनाही असंच होतं. घरीच पाहा. आईंचा एक डोळा झाकून दहा-बारा फुटांवरच्या कॅलेंडरमधल्या तारखा वाचायला सांगा, मग दुसरा डोळा झाकून. त्या पूर्वी दिसत होत्या आणि आता पुसट झाल्या असतील, तर मोतीबिंदू वाढतो आहे. पांढरं धोतर पिवळट वाटणं, निळा आणि काळा दोरा ओळखू न येणं, याही त्याच्याच खुणा.

तिमिर (नजर अंधुक होऊ लागणं), काच (त्यापुढची अवस्था) आणि शेवटी लिंगनाश (दृष्टी जाणं), अशा पायऱ्या आयुर्वेदात सांगितल्या आहेत. त्रिफळा, घृत (औषधी तूप), तर्पण (डोळ्यांवर औषधी तूप धरणं) हे प्रामुख्याने तिमिराचे उपचार. कफज लिंगनाशात, म्हणजे आजच्या मोतीबिंदूशी जुळणाऱ्या प्रकारात, मात्र खुद्द सुश्रुतांनी शस्त्र हाती घेतलं. सुश्रुतसंहितेतल्या उत्तरतंत्राच्या 17 व्या अध्यायात जवाच्या टोकासारख्या तोंडाच्या शलाकेने (सळईसारख्या सुईने) डोळ्याच्या पांढऱ्या भागात, शिरा चुकवून वेध करायला सांगितलं आहे. वेध नीट झाला की पाण्याचा थेंब बाहेर येतो आणि आवाज होतो, इतकं बारीक ते वर्णन आहे. नंतर तुपाची पट्टी, उताणं झोपणं; शिंक, खोकला, ढेकर वर्ज्य. त्या पद्धतीत गढूळ भिंग दृष्टीच्या वाटेतून सरकवलं जाई, पण डोळ्यातच राही. आज ते सुमारे अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून काढून कृत्रिम भिंग बसवतात. आयुर्वेदावर श्रद्धा आहे म्हणून आईंनी ऑपरेशन नाकारण्याचं काही कारण नाही.

घृत वैद्यांच्या देखरेखीत चालू ठेवता येईल. भूक मंदावली किंवा पोट जड वाटलं तर थांबवा. थेंब मात्र बंद करा आणि बाटली डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुतले, मध किंवा कांद्याचा रस घातला तर मोतीबिंदू कापला जातो, असं ऐकलं. खरं का? (बेळगाव)

उत्तर : मोतीबिंदू बाहुलीच्या मागे असतो. वरून धुतलेलं पाणी तिथे पोचतच नाही. डोळ्यांच्या थकव्यासाठी काढा वापरायचाच असेल तर त्रिफळ्याची 10 ग्रॅम भरड 160 मिली पाण्यात 40 मिली उरेपर्यंत उकळा, चौपदरी मलमलीतून गाळा, निववा आणि मिटलेल्या पापण्यांवरच लावा. उरलेला फेकून द्या, दुसऱ्या दिवशी वापरू नका. डोळ्यात गेलेले चोथ्याचे कण बुबुळावर ओरखडे काढतात. मधाने आणि कांद्याच्या रसाने आग होते. मध निर्जंतुक नसतो. ओरखड्यात जंतू शिरले तर जखम चिघळते, बुबुळावर फूल पडतं आणि त्याने गेलेली नजर मोतीबिंदूच्या ऑपरेशनने परत येत नाही. चंद्रोदया वर्ती (डोळ्यात घालायची आयुर्वेदिक औषधाची कांडी) घरी उगाळून घालू नका. तिच्यातली मनशीळ हे आर्सेनिकचं खनिज आहे.

प्रश्न : मोतीबिंदू पूर्ण पिकू द्यावा का? (नाशिक)

उत्तर : थांबू नका. रोजच्या कामाला अडचण येऊ लागली की ऑपरेशन करून घ्यावं. जिल्हा रुग्णालयांत ते मोफत होतं. फार पिकलेल्या मोतीबिंदूतून प्रथिनं झिरपून डोळ्यातला दाब चढू शकतो. डोळा लाल होतो, ठणकतो, उलट्या होतात. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठा, नाहीतर नजरेची नस कायमची खराब होऊ शकते. ऑपरेशनआधी सर्व औषधांची यादी द्या. त्यात प्रोस्टेटसाठीच्या टॅमसुलोसिनचा उल्लेख हवाच: त्याने बाहुली नीट मोठी होत नाही, आणि आधी कळलं तर सर्जन तशी तयारी ठेवतात.