लुक व्हॅन वासेनहोव्ह यांच्या संशोधनाचा मदतकार्यावर खरंच परिणाम झाला का?

हो, झाला, आणि सर्वांत जास्त तो मदत संस्थांच्या पूर्वतयारीबद्दलच्या विचारावर. व्हॅन वासेनहोव्ह हे फ्रान्समधल्या इनसियाड या बिझनेस स्कूलचे बेल्जियन एमेरिटस (निवृत्तीनंतरही मानाने पद असलेले) प्राध्यापक. आपत्तीतल्या मदतकार्यात सुमारे ८० टक्के वाटा लॉजिस्टिक्सचा, म्हणजे मदत योग्य जागी वेळेवर पोचवण्याच्या व्यवस्थेचा असतो, हे जिथेतिथे उद्धृत होणारं विधान त्यांच्या २००६च्या लेखातलं. (आकडा ढोबळ आहे, मोजमाप समजून वापरू नका.) पुरवठा म्हणजे ऐनवेळी ट्रक शोधणं, ही समजूत त्या लेखाने मोडीत काढली. माणसं, माहिती, कार्यपद्धती, पैसा आणि संस्थांमधला समन्वय संकटाआधीच बांधावा लागतो, हा त्यांचा मुद्दा आज या विषयाच्या अभ्यासाचा पायाच झाला आहे.

फक्त सगळं श्रेय त्यांना देऊ नका. रेडक्रॉस महासंघाने दुबई, क्वालालंपूर आणि पनामा इथे प्रादेशिक पुरवठा केंद्रं उभारली, तो बदल महासंघाचा स्वतःचा. व्हॅन वासेनहोव्ह आणि सहकाऱ्यांनी इंडोनेशियातल्या २००६च्या योग्यकार्ता भूकंपातल्या मदतकार्यावरून या विकेंद्रित रचनेचा उपयोग कसा झाला ते तपासलं. त्यामुळे एखादं संशोधन किती वेळा उद्धृत झालं एवढंच पाहून प्रत्यक्ष मैदानातला प्रभाव ठरवता येत नाही.