वाचक विचारतात: व्हॅम्पायरच नाही, मग ‘द व्हॅम्पायर बॅट’ बघायचा कशाला?

मागच्या अंकात आपण १९३३ सालचा ‘द व्हॅम्पायर बॅट’ बघा आणि मतं कळवा असं सांगितलं होतं. तासाभराचा ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा, मॅजेस्टिक पिक्चर्स नावाच्या छोट्या कंपनीचा, दिग्दर्शक फ्रँक स्ट्रेयर. युरोपातल्या एका गावात माणसं अंगातलं रक्त शोषलेल्या अवस्थेत मरायला लागतात, गाव म्हणतं हे पिशाच्च, आणि तपासाला आलेला कार्ल म्हणतो की हे कुठल्यातरी माणसाचंच काम आहे. पत्रं भरपूर आली, कौतुकाची थोडी आणि भांडणारी जास्त, त्यातली काही खाली घेतोय. ज्यांनी अजून बघितला नाही त्यांनी आधी बघून या कारण शेवट फोडल्याशिवाय उत्तरं देता येत नाहीत.

प्रश्न (म्हापसा): सरळ फसवणूक आहे हो! नावात व्हॅम्पायर, पोस्टरवर व्हॅम्पायर आणि शेवटी निघतो कोण तर गावचा डॉक्टर. भुताचा सिनेमा म्हणून रात्री दिवे बंद करून बसलो आणि बघितला डिटेक्टिव्ह सिनेमा.

तुमचा राग कळतो, पण दादा, मला तो सिनेमा आवडतो तो नेमका ह्याच कारणासाठी. डॉ. फॉन नीमान हा गावातला सगळ्यात शिकलेला माणूस, सगळे त्याचा शब्द मानतात, आणि त्यानेच प्रयोगशाळेत काचेच्या टाकीत एक जिवंत पेशींचा गोळा तयार केलाय ज्याला जगायला माणसाचं रक्त लागतं, मग तो आपल्या नोकराला संमोहित करून रात्री माणसं आणायला पाठवतो. आता विचार करा, गावात पिशाच्चाची अफवा उठली तर सगळ्यात जास्त फायदा कोणाचा? त्याचाच ना. मानेवरचे दाताचे व्रण तोच दाखवतो, लोक घाबरतात ते त्याला हवंच आहे. एकदा शेवट कळल्यावर परत बघा आणि डॉक्टर झालेल्या लायोनेल ॲटविलचा चेहरा बघत राहा, लोक वटवाघळांबद्दल बडबडत असतात तेव्हा तो त्यांना कसा अजिबात तोडत नाही ते. रहस्य म्हणून ते मला प्रामाणिक वाटतं, उत्तर पहिल्यापासून डोळ्यासमोर असतं.

प्रश्न (साखळी): मला तो हर्मन विसरता येत नाहीये. वटवाघळं पाळणारा तो भोळा माणूस. त्याला असं मारायची काय गरज होती? दोन रात्री डोक्यातून गेला नाही.

ताई, मला वाटतं सबंध सिनेमा तुम्हालाच कळला. हर्मन वटवाघळं हातात घेऊन कुरवाळतो, मांजरासारखी मऊ आहेत म्हणतो, मला चावत नाहीत म्हणतो, आणि आजूबाजूची माणसं मागे सरकतात. तो वेगळा बोलतो, वेगळा हसतो, अंधारात फिरतो, बस, गावाला एवढं पुरलं. मग मशाली, कुत्री, आरडाओरडा, आणि तो जीव घेऊन गुहेत पळतो आणि तिथेच संपतो. मेल्यावरसुद्धा त्याच्या छातीत खुंटा ठोकल्याशिवाय लोकांचं समाधान होत नाही. पिशाच्च कुठेच नसतं आणि तरी एक निरपराध माणूस पिशाच्च म्हणून मरतो. माझ्या मते ह्या सिनेमातला हॉरर तो हाच, टाकीतला गोळा नव्हे.

आणि हे नव्वद वर्षांपूर्वीचं, परदेशातलं म्हणून सोडून देता येत नाही मला. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला काय झालं आठवा, मुलं पळवणारी टोळी आलीय अशी मोबाईलवरची अफवा आणि भिक्षा मागायला आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावाने ठार मारली. तिथेही कोणी थांबून विचारलं नाही की तुम्ही कोण, कुठले. हर्मनच्या मागे धावणाऱ्या गर्दीत मला तीच घाई दिसते.

हर्मनचं काम करणारा ड्वाइट फ्राय, त्याच्याबद्दलही सांगतो. १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’ मधला माशा-किडे खाणारा रेनफिल्ड तोच आणि त्याच वर्षीच्या ‘फ्रँकेनस्टाइन’ मधला कुबडा फ्रिट्झही तोच. त्यानंतर त्याला तसल्याच वेड्याविद्र्या भूमिका मिळत गेल्या, १९४३ साली वारला बिचारा. इथे हाताशी फार काही सीन नाहीत तरी बाकी सगळ्या नटांना तो खाऊन टाकतो.

प्रश्न (फोंडा): बजेट कमी म्हणता पण गाव, वाडा, रस्ते तर चांगले भक्कम दिसतात. कुठून आणले?

उसने! युनिव्हर्सल स्टुडिओत मोठ्या सिनेमांसाठी बांधलेले सेट उभे होते, मॅजेस्टिकने ते भाड्याने घेतले आणि रात्री शूटिंग केलं. गावचा रस्ता ‘फ्रँकेनस्टाइन’ मधला, वाड्याचा आतला भाग १९३२ च्या ‘द ओल्ड डार्क हाऊस’ मधला. गंमत म्हणजे कार्ल झालेला मेल्विन डग्लस त्या ‘ओल्ड डार्क हाऊस’ मध्येही होता, म्हणजे माणूस परत त्याच घरात आला. गावचा प्रमुख झालेला लायोनेल बेल्मोर ‘फ्रँकेनस्टाइन’ मध्येही गावप्रमुखच. पाठलागाची गुहा लॉस एंजेलिसजवळच्या ब्रॉन्सन कॅन्यनमधली. आमच्याकडे गावागावातल्या नाटकमंडळींना हे वेगळं सांगायला नको, दत्तजयंतीच्या नाटकाला शेजारच्या वाड्यावरून पडदे आणि पोशाख आणणारी माणसं आपण.

आणि घाई कशाची होती तेही ऐका. ॲटविल आणि ह्या सिनेमाची नायिका फे रे ही जोडी १९३२ मध्ये ‘डॉक्टर एक्स’ मध्ये गाजली होती, वॉर्नर ब्रदर्स ह्या मोठ्या कंपनीचा त्याच जोडीचा मेणाच्या पुतळ्यांचा मोठा सिनेमा फेब्रुवारी १९३३ मध्ये यायचा होता, तर मॅजेस्टिकने ह्याच दोघांना घेऊन जानेवारीतच आपला सिनेमा थिएटरात लावला. त्यानंतर मार्चमध्ये ‘किंग काँग’ आला आणि फे रे जगभर प्रसिद्ध झाली. मला ह्या छोट्या कंपनीच्या चपळाईचं खरंच कौतुक वाटतं.

प्रश्न (मडगाव): माझ्या कॉपीत बॅकग्राउंड म्युझिकच नाही, नुसतं बोलणं आणि मधे शांतता. यूट्यूबवरची कॉपी खराब आहे का?

कॉपी खराब असेलही पण म्युझिक नसण्याचं कारण ते नाही. सुरुवातीच्या नावांवर वाजतं तेवढंच, बाकी सिनेमाभर जवळजवळ काही नाही, बोलपट नुकते आले होते आणि अख्ख्या सिनेमाभर संगीत घालायची पद्धत अजून बसली नव्हती. मला ती शांतता चालते, किंबहुना आवडते. चित्र धूसर दिसत असेल तर मात्र दुरुस्त केलेली प्रत शोधा, त्यात मशालींच्या ज्वाळा रंगीत दिसतात, मूळ प्रतींमध्ये त्या हाताने रंगवलेल्या होत्या. करड्या रात्रीत फक्त आग तेवढी नारिंगी, आणि ती हर्मनच्या दिशेने येतेय.

प्रश्न (डिचोली): ती नायिकेची मावशी! दर दहा मिनिटांनी नवीन आजार. कापून टाकायला हवी होती.

इथे मी तुमच्या बाजूने. मॉड ईबर्न चांगली नटी पण गसी मावशीला फार ताणलंय, सिनेमाचा शेवटसुद्धा तिच्या जुलाबाच्या औषधावर होतो, एवढं सगळं घडून गेल्यावर. हर्मनसाठी कोणीतरी निदान एक वाक्य बोलायला हवं होतं.

प्रश्न (पेडणे): आमच्या मांगरात वाघळं आहेत, सिनेमा बघितल्यापासून मुलगी तिकडे जात नाही. खरंच रक्त पितात का? आणि आमचा देवचार ह्या व्हॅम्पायरच्याच जातीतला का?

रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या तीनच जाती आहेत आणि त्या सगळ्या अमेरिका खंडात, मेक्सिकोपासून खाली. आपल्याकडे एकही नाही. मांगरातली बहुतेक किडे-डास खाणारी असतील, मोठी झाडावर लटकणारी ती फळं खातात. मुलीला संध्याकाळी बाहेर उभं करून ती उडताना लांबून दाखवा, भीती जाईल. हात मात्र लावू नका, कुठलाही जंगली प्राणी हाताळू नये, हर्मनचं ते अनुकरण नको.

देवचाराचं म्हणाल तर तो वेगळाच. तो गावचा राखणदार, रात्री काठी घेऊन सीम राखत फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो अशी आपली श्रद्धा, त्याला रोट देतात. रक्तपिपासू पाहुण्याशी त्याचं नातं लावू नका. खरं तर क्लाइनश्लॉसमध्ये, म्हणजे सिनेमातल्या त्या गावात, असा राखणदार असता तर हर्मन वाचला असता असं मला सारखं वाटतं.

प्रश्न (वाळपई): चवथीला सगळी भावंडं घरी जमतात, सोप्यावर पडदा लावून दाखवावा का? आणि हा झाल्यावर दुसरा कुठला?

दाखवा. रक्त असं दिसत नाहीच, पण हर्मनच्या पाठलागाला लहान मुलं रडू शकतात, दहाच्या वरची असतील तर बसवा आणि नंतर त्यांच्याशी बोला. हा सिनेमा आता कॉपीराइटच्या बाहेर आहे म्हणून इंटरनेटवर फुकट मिळतो. दुसरा म्हणजे ‘द ओल्ड डार्क हाऊस’ च लावा, दिग्दर्शक जेम्स व्हेल. हा सिनेमा कित्येक वर्षं हरवलाच समजत होते, १९६८ मध्ये कर्टिस हॅरिंग्टन ह्या दिग्दर्शकाने त्याची प्रत शोधून काढली. दोन्ही पाठोपाठ बघा आणि घराच्या आतल्या कुठल्या कुठल्या जागा ओळखीच्या वाटतात ते भावंडांना शोधायला लावा, उत्तरं पाठवलीत तर पुढच्या अंकात छापतो.