वाचक विचारतात : समुद्राचा तळ मोजायचा कसा?

(या अंकात उत्तरं देत आहेत मुलुंडच्या एक निवृत्त सागरी भूवैज्ञानिक.)

प्रश्न : आम्ही वेसाव्याचे कोळी. आमच्या जाळ्याला चिखलच लागतो. अरबी समुद्राखाली डोंगर आहेत हे खरं का? आणि उपग्रह असताना तळ जहाजानं मोजायची गरज काय?

डोंगर आहेत, पण फार लांब. मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ तळ, सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. तिच्या किनाऱ्याकडच्या भागात नद्यांचा गाळ साचतो, तोच तुमच्या जाळ्याला लागतो. बाहेर पन्नास वाव (सुमारे नव्वद मीटर) खोलीच्या आसपास गेलात की चिखल सरतो आणि वाळू, शिंपल्यांचा चुरा लागायला लागतो. हिमयुगात, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. म्हणजे तेव्हा किनारा तिकडे होता! हा पट्टा मी जेव्हा जेव्हा पडद्यावर पाहिला, तेव्हा तेव्हा मला भरून आलं आहे.

त्यापुढे तळ उतरत जातो आणि लक्ष्मी खोऱ्यात पाण्याची खोली साडेतीन किलोमीटरच्या वर जाते. तुम्ही विचारलेले डोंगर तिथे आहेत. दोघांना शास्त्रज्ञ रामन आणि पणिक्कर यांची नावं दिली आहेत, तिसरा सपाट माथ्याचा आहे, तो भूवैज्ञानिक वाडियांच्या नावाचा. याच खोऱ्यात २०१५ साली 'जॉइडिस रिझोल्यूशन' या संशोधन जहाजानं तळात खोल छिद्रं घेतली, तेव्हा एके ठिकाणी ३०० मीटरहून जाड थर हाती लागला. भारताच्या बाजूच्या उतारावरून सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी कोसळून आलेला तो राडारोडा होता, त्यात उथळ पाण्यातल्या चुनखडीचे तुकडेही होते.

आता उपग्रहाचं. त्याच्या रडारच्या लहरी पाण्यात शिरत नाहीत. तो मोजतो समुद्राच्या पृष्ठभागाची उंची. पाण्याखालचा डोंगर आपल्या गुरुत्वाकर्षणानं पाणी ओढून घेतो, त्यामुळे वर किंचित फुगवटा येतो आणि त्यावरून डोंगराचा अंदाज बांधता येतो. लहान टेकड्या त्यात हरवतात. नेमकं मोजायला आवाजच लागतो. पाण्यात तो सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, म्हणजे लक्ष्मी खोऱ्याच्या तळावर आपटून परत यायला जवळजवळ पाच सेकंद. जहाजावरचं मल्टीबीम यंत्र आवाजाचे शेकडो किरण पंख्यासारखे पसरून सोडतं. खोल पाण्यात पट्टा कित्येक किलोमीटर रुंद मिळतो, उथळ पाण्यात मात्र अरुंद. म्हणून किनाऱ्याजवळच जास्त फेऱ्या माराव्या लागतात. जगाच्या समुद्रतळापैकी अजून जेमतेम पाव हिस्साच असा मोजून झालाय.

वरचं पाणी कोमट, खालचं थंड, त्यामुळे आवाज वाकतो. तो किती वाकतो हे नीट धरलं नाही, तर सपाट तळाच्या दोन्ही कडा नकाशावर उचललेल्या किंवा पडलेल्या दिसतात. नवीन मुलं त्याला घळ म्हणतात. मी आधी पाण्याच्या तापमानाची नोंद मागते. आपल्या किनाऱ्याजवळच्या चिखलात कुजणाऱ्या गाळाचा मिथेन अडकलेला असतो, त्यानं आवाजाच्या नोंदीत खालचे थर पुसल्यासारखे होतात. तिथे नकाशावर खडक दाखवून मोकळं होणं सोपं आहे. पण त्या नकाशावर उद्या कुणी पाइपलाइन टाकणार असतं. शंका असेल तिथे जागा कोरी ठेवावी, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : मी बी.एस्सी. जिऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरचे म्हणतात, मुलीनं महिनाभर जहाजावर राहायचं कशाला? पुढे काय शिकू? – एक विद्यार्थिनी, विक्रोळी

बाळा, आईबाबांना सांग, या कामाचा मोठा भाग जमिनीवर, टेबलाशी होतो. समुद्रतळाचे नकाशे काढणाऱ्या अमेरिकी भूवैज्ञानिक मेरी थार्प यांना १९५०च्या दशकात जहाजावर जाऊच देत नव्हते. इतरांनी आणलेले खोलीचे आकडे त्यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून हातानं कागदावर उतरवले, आणि अटलांटिकच्या मधल्या पर्वतरांगेतली खचदरी (तळ खचून झालेली लांब दरी) त्यांनाच सापडली. सहकाऱ्यानं आधी ते उडवून लावलं होतं. भूकंपांची केंद्रं त्याच रेषेत येताहेत हे दिसल्यावर मात्र ते मान्य करावं लागलं. स्वतः समुद्रावर जायला त्यांना १९६८ उजाडलं. माझ्याही उमेदीत एका जहाजावर 'बायकांची सोय नाही' हे कारण ऐकवलं गेलं. मी दर मोहिमेला पुन्हा अर्ज केला आणि गेले. आता आपल्या मुली नेमानं जातात. तूही जा.

फिजिक्स आणि गणित मात्र सोडू नकोस. सागरी भूविज्ञानाची एम.एस्सी. कोचीन आणि मंगळूर विद्यापीठांत आहे, गोवा विद्यापीठाचीही चौकशी कर. आयआयटीत एम.एस्सी. करायची तर जॅम ही प्रवेश परीक्षा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जायचं तर यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा. त्यांचा सागरी विभाग मंगळूरला आहे. आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं केंद्र अंधेरीत आहे, विक्रोळीहून काही लांब नाही. प्रोजेक्टसाठी आत्ताच पत्र लिही. पत्रात मार्कांपेक्षा तुला कोणता प्रश्न पडलाय ते आधी लिही.