ताट फेकलं, मोबाईल मिळाला

प्रश्न : नमस्कार मावशी, मी चाळीसगाव तालुक्यातून लिहितेय. मुलगा साडेपाच वर्षांचा, सिनियर केजीत. ह्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी अमळनेरला गेलो होतो. दुपारी सगळे पंगतीला बसले, ह्याला झोक्यावरून उतरवून आणलं कारण मामाच्या पोरीचा नंबर होता, तर ह्याने आमरसाची वाटी न् ताट दोन्ही भिरकावलं. रस थेट आजोबांच्या धोतरावर. मिस्टरांनी सगळ्यांसमोर दोन ठेवून दिल्या, मग तो अजूनच लोळायला लागला, शेवटी माझ्या आईने मोबाईल हातात दिला तेव्हा कुठे गप्प झाला. सगळे म्हणतात लाडाने वाया गेला. घरीही आठवड्यातून दोन-तीनदा असं होतं, पण शाळेत बाई म्हणतात एकदम गुणी पोरगा. काही आजार तर नसेल ना?

उत्तर : अगं घाबरू नको, तू लिहिलंयस त्यावरून आजारबिजार काही दिसत नाही. शाळेत गुणी न् घरी तुफान हे तर मी शाळेत शिकवत असताना इतक्या आयांकडून ऐकलंय की विचारू नको. पोरगं दिवसभर बाईंसमोर स्वतःला आवरून धरतं आणि जिथे आपल्याला कोणी टाकून देणार नाही अशी खात्री असते तिथे सोडतं. म्हणजे तुझ्यापाशी. आता ह्याचा आनंद मानायचा की डोकं धरायचं ते तू ठरव.

राग आला की थांबायचं, हे काम करणारा मेंदूचा भाग कपाळामागे असतो आणि तो पूर्ण तयार व्हायला वयाची पंचविशी उजाडते. साडेपाच वर्षांच्या पोराकडे गाडी आहे, हॉर्न आहे, ब्रेक मात्र अजून बसवणं चालू आहे. त्यात तो दिवस बघ ना. आखाजी म्हणजे आपल्याकडे ऐन उन्हाळा, पारा ४३-४४ च्या घरात, पोरगं सकाळपासून उन्हात झोक्यावर, दुपारची झोप नाही, पंगत उशिरा म्हणजे पोटात काही नाही, घरभर पाहुणे, आणि वरून हातातला झोका काढून घेतला. मोठी माणसंसुद्धा लग्नात जेवण उशिरा झालं की मांडवात भांडतात, आपण बघतोच की.

आता तुमच्या घरच्यांनी केलं त्याबद्दल, रागावू नको. चापट आणि मोबाईल दोन्हींनी आवाज बंद होतो एवढंच. चापटीतून तो शिकला की राग आला की मोठ्याने लहानाला मारायचं असतं, आणि मोबाईलमधून शिकला की ताट फेकलं की मोबाईल मिळतो. कधी देतो कधी नाही देत, हे तर सगळ्यात वाईट, कारण मग पोरगं दर वेळी नशीब आजमावून बघतं, लॉटरीचं तिकीट घेतल्यासारखं. आणि एक आधीच सांगून ठेवते, रडण्यावर मोबाईल द्यायचा नाही असं घरात ठरवलंत की पहिले काही दिवस त्याचा तमाशा वाढेल, कमी नाही होणार. तिथेच आज्या विरघळतात. त्या दिवसांत विरघळलात तर तो शिकेल की जास्त वेळ रडायचं. म्हणून आईला आधी नीट समजावून सांग, मगच सुरू कर. मोबाईल त्याच्या ठरलेल्या वेळेला द्या ना, कोण नाही म्हणतंय, पण रडणं थांबवायचं औषध म्हणून नाही.

मग त्या क्षणी करायचं काय? फार काही नाही, खरं सांगायचं तर. हाताशी फेकण्यासारखं असेल ते सरकव, गर्दीतून उचलून ओसरीवर ने, आणि त्याच्या उंचीला येऊन खाली बस. मारायला धावला तर हात धर, घट्ट पण दुखेल असा नाही, आणि एवढंच म्हण की राग येऊ दे, मारू देणार नाही. बास. त्या वेळी 'आजोबांना काय वाटलं असेल, लोक काय म्हणतील' हे भाषण त्याच्या कानात शिरतच नाही. तुझा आवाज खाली आला की हळूहळू त्याचा येतो, तुझा चढला की त्याचा चढतो. अवघड आहे, मला माहितीये, मला माझ्या पोरांच्या वेळी निम्म्या वेळाही जमलं नाही.

आणि बोलायचं तर घरच्या बोलीत बोल. हे मी मुद्दाम लिहितेय. इंग्लिश मिडियमच्या वर्गात भिंतीवर हॅप्पी, सॅड, अँग्री असे गोल गोल चेहरे चिकटवलेले असतात, पोरं ते पाठ म्हणून दाखवतात आणि घरी आल्यावर त्यातला एक शब्द उपयोगी पडत नाही, कारण रडताना पोरगं इंग्लिशमध्ये रडत नाही. तुमच्या घरी अहिराणी बोलत असाल तर 'काय व्हयनं रे? तुले झोका जोयजे व्हता ना? राग उना ना?' असं विचार. बघ, खांदे कसे खाली येतात. मनातल्या गोष्टीला नाव मिळालं की ती थोडी आटोक्यात येते. आपल्याकडे नावं तरी किती आहेत, रुसलाय, हिरमुसलाय, वैतागलाय, खट्टू झालाय, चिडलाय, हेवा वाटतोय, ओशाळलाय. त्या दिवशी तो नुसता रागावला नव्हता, मला वाटतं त्याला मामाच्या पोरीचा हेवा वाटला आणि मग सगळ्यांसमोर मार खाल्ल्यावर ओशाळला. हे शब्द एरवी, तो आनंदात असताना वापर, स्वतःबद्दल पण वापर. 'आज भाकरी करपली ना, मी जाम वैतागले' हे त्याने ऐकलं पाहिजे.

श्वासाचं पण असंच, शांत असताना शिकवायचं. डोळे मिटून बस म्हटलं तर पाच वर्षांचं पोरगं बसत नाही. बशीत गरम दूध ओत आणि सांग, साय हलली पाहिजे पण दूध सांडायला नको, अशी फुंकर मार. एवढी हळू न् लांब फुंकर मारायला श्वास लांबवर सोडावाच लागतो, आणि श्वास लांब सोडला की छातीची धडधड कमी होते, हे शरीराचंच आहे. पाच-सहा बशा दूध प्यायल्यावर कधीतरी रागात असताना नुसती रिकामी बशी समोर धर. हसेल किंवा बशी फेकेल, म्हणून स्टीलची घे.

सगळं निवळलं की मग त्याला घेऊन जमिनीवरचा रस पुसा, दोघांनी मिळून. शिक्षा म्हणून नाही, सांडलं तर पुसायचं असतं म्हणून. 'सॉरी म्हण, म्हण ना' असं पाहुण्यांसमोर वदवून घेऊ नको, ते आजोबांच्या जवळ जाऊन बसलं तरी पुष्कळ झालं. आणि मिस्टरांना म्हणावं, चापट मारल्याबद्दल पोराला तुम्ही सॉरी म्हणा. बापाचा मान कमी होत नाही त्याने.

डॉक्टरकडे कधी जायचं ते पण लिहिते. स्वतःचं डोकं आपटून जखम करतोय, रोज दिवसातून चार-चार वेळा होतंय, बोलणं वयाच्या मानाने मागे आहे, नीट ऐकू येत नाही अशी शंका आहे, किंवा घरात काही मोठं घडल्यानंतर अचानक सुरू झालंय, तर बालरोगतज्ज्ञांना दाखव. शाळेत, अंगणवाडीत सरकारी तपासणीची टीम येते, त्यांनाही सांगता येतं. रात्री-अपरात्री तुझाच धीर सुटला तर १४४१६ हा टेली मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

प्रश्न : नात नऊ वर्षांची. आम्ही यावल तालुक्यातले. श्रावणात बैलजोडी विकली, एका बैलाला ती रोज चारा टाकायची. रडली नाही, काही बोलली नाही, पण पोळ्याला पुरणपोळीला हात लावला नाही. शहाणी आहे म्हणून सोडून द्यावं का? (एक आजोबा)

उत्तर : आजोबा, सोडून देऊ नका. फेकाफेक करणाऱ्या पोराकडे सगळ्यांचं लक्ष जातं, आणि गप्प बसणारीला आपण शहाणी म्हणून मोकळे होतो. तिला विचारायला बसवू नका, ती 'काही नाही' म्हणेल. रिकाम्या गोठ्यात दोघं जाऊन बसा आणि तुम्हाला काय वाटलं ते सांगा. जोडी ट्रकमध्ये चढवताना तुमच्याही घशात काही आलंच असेल की. का विकावी लागली तेही सांगा, हिशोबासकट, नऊ वर्षांच्या पोरीला कळतं. महिनाभर जेवण-झोप-अभ्यास बिघडलेलंच राहिलं तर मात्र डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : मुलगी चार वर्षांची, ऐकत नाही म्हणून दोन मिनिटं बाथरूममध्ये कडी लावून ठेवतो. बायको म्हणते चूक. (भुसावळ)

उत्तर : बायको बरोबर आहे. कडी काढा.